पाण्यावरचा चहा

विश्वास रणदिवे हा खोटारडा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुमचा भलताच समज व्हायचा. तो मरीन इंजिनियर होता. पंधरा वर्षं जहाजांवर काढून तो सिंगापूरला एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट म्हणून किनाऱ्याला लागला होता. कंपनीचं जहाज आलं की लाँचमध्ये बसून जायचं, शिडी चढायची, इंजिनरूम तपासायची, चीफ इंजिनियरला चार शब्द सुनावायचे आणि संध्याकाळी पासिर रिसच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परत यायचं. माणूस कामाला चोख, आवाजाने मोठा, पोटाने जरा सुटलेला. आणि आपण मनात आणलं तर काय वाट्टेल ते करू शकतो अशी त्याची स्वतःबद्दल अगदी पक्की समजूत. तसा तो नगरचा. त्यामुळे ही समजूत घरातून मिळाली की गावच्या पाण्यातून, ते सांगता येणार नाही.

रणदिव्यांच्या तीन पिढ्या नगरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन, लग्नं लावून, त्याच कबरस्तानात जाऊन निवांत पडलेल्या. विश्वासनेही तेच केलं असतं. पण २०११ साली बिल्डिंगच्या लिफ्टचं काम निघालं आणि त्याची बायको सविता तांदळाची पिशवी घेऊन जिन्याखाली हताश उभी राहिली. तेवढ्यात दोन गोरी पोरं आली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची पाटी. त्यांनी पिशवी नऊ मजले वर नेली, वर पाणी मागितलं, आणि पाण्याबरोबर देवाच्या गोष्टी सुरू केल्या. वय एकोणीस-वीस, आणि पाटीवर नावापुढे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे! विश्वासला आधी हसू आलं. मग त्याने वाद घातला. मग ऐकलं. चार महिन्यांनी तो, सविता आणि सहा वर्षांची ईशा दर रविवारी मॉर्मन पंथाच्या मंडळीत जायला लागली.

नगरहून आईचा फोन आला. “का रे, आहे तो ख्रिस्त काय वाईट होता?”

“आई, ख्रिस्त तोच आहे.”

“मग हे जास्तीचे नियम कशाला?”

आईने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ह्या मंडळीच्या नव्या बाप्तिस्म्याच्या आधी त्या दोन वडीलधाऱ्या पोरांनी शरीर शुद्ध ठेवण्याचा नियम समजावून सांगितला. दारू नाही. विश्वासने ऐटीत मान डोलावली. जहाजावर राहून दारूला न शिवलेला तो एक नमुनाच होता. तंबाखू नाही. पुन्हा मान. कॉफी नाही. कॉफीला विचारतो कोण? आणि चहा नाही.

सविताने नवऱ्याकडे पाहिलं. विश्वास दिवसाला सात कप चहा प्यायचा. आल्याचा, दाट, साखर सढळ. लग्नाची बोलणी करायला तो तिच्या घरी आला होता, तेव्हा मुलगी पाहायच्या आधी त्याने चहाचा वास घेऊन पाहिला होता, हे ती अजून माहेरी सांगते.

“सोडला,” विश्वास म्हणाला. “आत्तापासून.” आणि तो उठून स्वयंपाकघरात गेला, चहाचा डबा उघडला आणि आख्खी पूड कचऱ्याच्या चूटमध्ये ओतली. नऊ मजले खाली जाईपर्यंत तिचा आवाज येत होता. दोन्ही एल्डर भारावून गेले.

सविताला मात्र अकरा दिवस लागले. डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, ईशावर विनाकारण खेकसायची, बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. तीही सकाळ-दुपार दोन कप पिणारी, कामात बुडालेली साधी बाई. बाराव्या दिवशी ती जरा माणसात आली. आणि हे सगळं चालू असताना नवरा शीळ घालत ऑफिसला जात होता. “इच्छाशक्ती, सविता,” तो म्हणायचा. “एकदा ठरवलं की ठरवलं.”

आता मुद्द्यावर येऊ. त्या ओतलेल्या चहाच्या दुसऱ्याच दिवशी विश्वास एका जहाजावर गेला होता. इंजिन कंट्रोल रूममध्ये पाय ठेवतो न ठेवतो तोच भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, आल्याच्या चहाचा कप घेऊन हजर. सुपरिंटेंडंट साहेबांना खूश ठेवायचं असतं. विश्वासने कपाकडे पाहिलं. डोकं सकाळपासून ठणकत होतं, सविताइतकंच. पण चार माणसांसमोर ‘मला चहा चालत नाही, माझी परीक्षा चालली आहे’ असं सांगायचं? चीफ इंजिनियरला झाडायला आलेल्या माणसाने? छे! आणि मग त्याच्या इंजिनियर डोक्यात एक विचार चमकला. शपथ घेतली ती कुठे? सिंगापूरच्या जमिनीवर. जहाज कुणाचं? पनामाच्या झेंड्याचं. खाली काय? पाणी. म्हणजे हा चहा मुळात सिंगापुरातला नव्हेच. त्याने कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

असा तो पाण्यावरचा चहा सुरू झाला. विश्वासचा नियम एकदम कडक होता बरं का. जमिनीवर थेंब नाही. घरी नाही, ऑफिसात नाही, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर सहकारी तेहची, म्हणजे तिथल्या चहाची, ऑर्डर द्यायचे तेव्हा हा उसाचा रस मागवायचा आणि वर त्यांना दोन शब्द ऐकवायचा. फक्त जहाजावर. आणि गंमत बघा, त्या वर्षापासून कंपनीत जहाजावर जायला सगळ्यात तत्पर कोण, तर रणदिवे. साहेबांनी त्याला त्याबद्दल सर्टिफिकेटसुद्धा दिलं.

वर्षभराने एक जहाज ड्राय डॉकमध्ये गेलं. खालचं पाणी उपसून टाकलेलं, जहाज ठोकळ्यांवर उभं. इथे जरा कायदेशीर अडचण आली. विश्वासने अर्धा तास विचार केला आणि निकाल दिला की पाणी नसलं तरी झेंडा पनामाचाच आहे. मग लाँचवरच्या थर्मासातला चहा आला. लाँच सिंगापूरची, पण पाणी होतं. मग लाँचची वाट बघताना जेट्टीवरचा चहा आला. जेट्टी ना पनामाची ना पाण्यातली. पण ती खांबांवर उभी होती आणि खांबांखाली समुद्र होता, तेव्हा एका अर्थाने तेही पाणीच, नाही का? खिशात बडीशेपेची पुडी असायची. घरी येताना ती चघळून संपलेली असायची.

तुम्ही म्हणाल, मग ह्याला झोप कशी लागायची? उत्तम लागायची! कारण तो रोज प्रार्थना करायचा. लहानपणापासून पाळकांचं ऐकून त्याची प्रार्थनेची मराठी मोठी भारदस्त झाली होती. “हे दयाघना देवबापा, तू आम्हांस दिलेल्या सामर्थ्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो,” इथून सुरुवात व्हायची आणि मग आज काय काय केलं, कुणाला मदत केली, घरात कसं सगळं ठीक आहे. ऑफिसात रिपोर्ट लिहायचा, घरी रिपोर्ट वाचायचा. देवाकडे काही मागायचं म्हणजे आपलं काहीतरी अडलंय असं कबूल करणं आलं, आणि रणदिव्यांचं काही अडत नसे.

मॉर्मन मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. त्या दिवशी ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन माईकवर साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. विश्वासने तिथे चहाची साक्ष दिली. चूटमध्ये पूड ओतल्याचा प्रसंग त्याने असा रंगवला की फिलिपिनो बायकांनी डोळे पुसले. लोकांना ती इतकी आवडली की पुढच्या चार वर्षांत त्याने ती आणखी दोनदा दिली. दर वेळी मागच्या बाकावर सविता खाली मान घालून बसलेली असायची. ती स्वतः कधी माईकपर्यंत गेली नाही. विश्वासला वाटायचं, इंग्रजीला बुजते.

२०१५च्या सुरुवातीला त्यांचं हाँगकाँगला जायचं ठरलं. हाँगकाँगला ह्या लोकांचं टेंपल आहे आणि तिथे नवरा-बायकोची गाठ मरणापलीकडेही टिकेल अशी बांधली जाते, मुलंही आईबापांशी कायमची जोडली जातात, अशी त्यांची श्रद्धा. सविताने ह्या एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती. माणसं मेल्यावर एकमेकांची राहतात, हे तिला हवं होतं, आणि फार हवं होतं. लिटल इंडियातल्या शिंप्याकडून तिने लांब बाह्यांचा पांढरा ड्रेस शिवून आणला आणि कपाटात सगळ्यात वर ठेवला. पण टेंपलमध्ये शिरायला एक कार्ड लागतं, आणि ते मिळण्याआधी मंडळीचे प्रमुख, बिशप, एकेकाला आत बोलावून प्रश्न विचारतात. त्यात एक प्रश्न शरीर शुद्ध ठेवण्याचा तो नियम पाळता का, असा असतो.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी सविता खुर्चीवर तो ड्रेस मांडीत घेऊन बसली होती. विश्वास टीव्ही बघत होता.

“अहो,” ती म्हणाली, “मला भीती वाटते उद्याची.”

“तुला? कसली?”

“शेजारच्या वहिनी चार वाजता चहा टाकतात. वास आला की मी अजून खिडकीत जाऊन उभी राहते. पीत नाही. पण उभी राहते. चार वर्षं झाली तरी.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्ही एका दिवसात सोडलात. माझ्यात काहीतरी कमीच आहे. मी तुमच्याबरोबर तिथे जायच्या लायकीची आहे का हो?”

आता इथे काय बोलायचं होतं ते तुम्हाला कळतं, मला कळतं, विश्वासलाही कळलं. पण माणसाची सवय कशी असते बघा. तो म्हणाला, “काळजी करू नकोस. मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. टीव्हीवर काय चाललंय ते त्यानंतर त्याला दिसेना.

दुसऱ्या दिवशी सविता आधी आत गेली. दहा मिनिटांनी आली, डोळे लाल, पण चेहरा उजळलेला, आणि हातात सही केलेलं कार्ड. मग विश्वास.

ह्या मंडळीत पगारी पाळक नसतो. बिशप कोह आठवडाभर बिल्डिंगांच्या लिफ्टी दुरुस्त करायचे आणि रविवारी माणसांचं ऐकायचे. बारके, चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी एकेक प्रश्न विचारला, विश्वासने खणखणीत उत्तरं दिली. मग तो प्रश्न आला. विश्वासने ‘येस’ म्हणायला तोंड उघडलं. तयारी करून आला होता तो. पण मांडीवर पांढरा ड्रेस घेतलेली सविता डोळ्यांसमोरून हलेना. आणि तोंडातून निघालं, “ऑन शिप, बिशप.”

“ऑन शिप व्हॉट?”

मग काय, धरण फुटलं. पनामाचा झेंडा, ड्राय डॉक, लाँच, थर्मास, खांब, सगळं. चार वर्षं डोक्यात मोठं मुद्देसूद वाटणारं ते प्रकरण बोलून दाखवलं तेव्हा विश्वासला प्रथमच कळलं की हे एखाद्या सात वर्षांच्या पोराने लाडू चोरल्यावर सांगावं तसं आहे. कान गरम झाले. शेवटी शेवटी तर तो नुसता पुटपुटत होता.

बिशप कोह चष्मा काढून पुसत म्हणाले, “जेट्टी ऑल्सो?”

“जेट्टी ऑल्सो.”

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसले नाहीत बिचारे. त्यांनी विचारलं, ह्याबद्दल प्रार्थना करतोस का? विश्वास म्हणाला, रोज. काय म्हणतोस? देवाने मला शक्ती दिली म्हणून आभार मानतो. आणि मागतोस काय? चार वर्षांत त्याने ह्या बाबतीत काहीच मागितलं नव्हतं. मागणार कसा? देवासमोरसुद्धा त्याने चहा एका दिवसात सोडलेला होता!

“चहाचं बघू,” बिशप इंग्रजीत म्हणाले. “चहाला मी थांबीन. पण बायकोला आजच सांग. मला नको, तिला.” आणि कार्डाचं पुस्तक त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

परतीच्या मेट्रोत, म्हणजे MRTमध्ये, विश्वासने सांगायला सुरुवात केली. पाया लेबार स्टेशनला झेंड्यापर्यंत आला, बेडोकला ड्राय डॉकपर्यंत. तानाह मेराहला खांब संपले. सविता समोरच्या काचेत बघत होती. सिमे गेलं. टँपिनीसला ती बोलली. “जेट्टीवरसुद्धा?”

शेजारी पुस्तकात डोकं खुपसून बसलेली ईशा आता दहा वर्षांची होती. ती वर न बघता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पप्पा, जेट्टी इज लँड, लाह.”

घरी पोचल्यावर सविताने पर्स ठेवली, घोटभर पाणी घेतलं आणि मग तिने तोंड सोडलं. “चहा प्यायलात त्याचं काही नाही हो. बादलीभर प्या! पण मी अकरा दिवस बाथरूममध्ये रडत होते, आणि तुम्ही बाहेरून मला इच्छाशक्ती शिकवत होतात. तोंडाला आल्याचा वास आणि वर इच्छाशक्ती! चार वर्षं मी मागच्या बाकावर बसून म्हणत होते, देवा, मलाच का असं कमकुवत केलंस? आणि तुम्ही पुढे उभे राहून नाकाने कांदे सोलत होतात!”

पुढचा आठवडा घरात सगळा कारभार ईशामार्फत चालला. “ईशा, पप्पांना सांग जेवण वाढलंय.” ईशा पप्पांच्या समोर उभी राहून सांगायची, “मम्मी से, डिनर.” हाँगकाँगची तिकिटं रद्द झाली. ड्रेस कपाटात तसाच.

त्या आठवड्यात एका सकाळी विश्वास खोलीत गुडघ्यांवर बसला. “हे दयाघना देवबापा,” त्याने सुरुवात केली, आणि पुढे शब्दच येईनात. सामर्थ्याबद्दल आभार मानावेत तर सामर्थ्य कुठे होतं? बऱ्याच वेळाने तो आईशी बोलावं तसं बोलला. “देवा, मला जमत नाही रे. जमतं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं. नाही जमत. तूच काहीतरी कर.” बस, एवढीच प्रार्थना. आमेन म्हणायचंही तो विसरला. आणि हा पोटसुट्या, मोठ्या आवाजाचा माणूस पलंगाच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडला.

पहिला रविवार आला. उपासाच्या दिवशी विश्वास माईकपाशी गेला, तेव्हा दोन-तीन जण हसतमुखाने सावरून बसले; चहाची साक्ष ऐकायला मिळणार! विश्वास म्हणाला, “मी तीन वेळा इथे जे सांगितलं, ते खरं नव्हतं. मी चहा सोडला नव्हता. मी जहाजावर पीत होतो. माझ्या बायकोला अकरा दिवस लागले. तिचे अकरा दिवस खरे आहेत. माझा एक दिवस खोटा आहे. मला देवाची मदत हवी आहे आणि तुमचीही.” तो खाली येऊन बसला, आणि मागच्या बाकाकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सभा संपल्यावर मात्र भलतंच झालं. त्याला वाटलं होतं, लोक टाळतील. तर त्याच्यापुढे रांग लागली! एका फिलिपिनो बाईने कानात सांगितलं की तिला दोन वर्षांपासून धाकट्या जावेशी बोलता येत नाही. एक टॅक्सीवाले अंकल म्हणाले, ब्रदर, मी पण, कोपी, म्हणजे कॉफी, कधी कधी, एअरपोर्टला. लग्न ठरलेला एक तरुण नुसता त्याला मिठी मारून गेला. चार वर्षं ह्याच माणसांनी लांबून त्याची वाहवा केली होती आणि एकानेही आपलं दुखणं त्याला सांगितलं नव्हतं. सांगणार कसे? एका दिवसात सगळं जमणाऱ्या माणसाला कोण सांगतं?

रांग संपली तेव्हा शेवटी सविता उभी होती. “चला,” ती म्हणाली. “उपास सोडायचाय ना? पिठलं केलंय.” थेट बोलली! ईशाला वगळून! विश्वासला पिठल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

पण चहा काही पिठल्याने सुटत नाही. त्याच आठवड्यात कंपनीचं एक छोटं कंटेनर जहाज आलं, दर दहा-बारा दिवसांनी येणारं. त्यावरचा भंडारी गुरुप्रसाद मालवणचा, आणि चहा असा करायचा की बस. शिडीखालून विश्वासने सविताला फोन लावला. “चढतोय.”

“चढा. मी इथे बसलेय,” ती म्हणाली. म्हणजे प्रार्थनेला.

गुरुप्रसाद कप घेऊन आलाच. विश्वासच्या जिभेवर सबबी तयार होत्या: डॉक्टर, ॲसिडिटी, शुगर. चीफ इंजिनियरही समोर होता. विश्वासने श्वास घेतला आणि म्हणाला, “गुरुप्रसाद, मी चहा सोडायचं देवाला वचन दिलंय आणि चार वर्षं तुझ्याच हातचा चहा पिऊन ते मोडतोय. समोर आला की मला आवरत नाही. मला मदत कर बाबा.”

गुरुप्रसादने आ वासला. “अवो सायब, ह्यां आधी सांगूक होयां होतां!” तो कप घेऊन पळाला आणि पाच मिनिटांत स्टीलच्या पेल्यात कोकमाचं गरमागरम सार घेऊन आला, वर जिऱ्याची फोडणी. आणि जाताना चीफला दम देऊन गेला की साहेबांसमोर कुणी चहा प्यायचा नाही. त्या दिवशी चीफ इंजिनियरसुद्धा गुमान सार प्यायला.

असे महिने गेले. जून महिन्यात ड्राय डॉकमध्ये एकदा पाय घसरला. सहकाऱ्याने कप हातात दिला आणि अर्धा पोटात गेल्यावर विश्वास भानावर आला. पूर्वीचा विश्वास असता तर झेंडा कुठल्या देशाचा ते आधी बघितलं असतं. ह्या वेळी त्याने कप ठेवला, बाहेर येऊन फोन लावला. “सविता, प्यायलो. अर्धा.” ती म्हणाली, “बरं. उरलेला ओता आणि या घरी.” रविवारी बिशप कोहना सांगितलं. ते म्हणाले, लिफ्ट बंद पडली की लोक बटण जोरजोरात दाबतात, त्याने काही होत नाही, मेकॅनिकला फोन करावा लागतो. तू केलास, चांगलं केलंस.

ऑगस्टमध्ये काय झालं, ते विश्वासने फक्त सविताला सांगितलं. एका टँकरवर जनरेटर बिघडला होता. दुपारभर तो आणि दोन फिटर त्याच्यात डोकं घालून बसले. मध्ये कुणीतरी चहा आणला, सगळे प्यायले, कप गेले. तासाभराने हात पुसताना विश्वासच्या लक्षात आलं की चहा आला होता आणि आपण त्याकडे पाहिलंही नाही. मन मारावं लागलं नाही, फोन करावा लागला नाही, काही म्हणता काही करावं लागलं नाही. तो तसाच खाली बसला. इंजिनियर माणूस, पंचवीस वर्षांत त्याने एकही मशीन आपलं आपण दुरुस्त झालेलं पाहिलं नव्हतं. मग हे कुणी केलं? त्याला सरळ भीती वाटली, आणि त्या भीतीच्या पोटात इतकं प्रेम वाटलं की त्या तेलकट फरशीवर त्याने हात जोडले. फिटरला वाटलं, जनरेटर चालू झाला म्हणून साहेब नमस्कार करताहेत. त्यानेही केला.

ऑक्टोबरमध्ये बिशपनी पुन्हा तो प्रश्न विचारला. विश्वास “येस” म्हणाला, अगदी हळू. बिशप कोहनी सही केली आणि ह्या वेळी मात्र मनसोक्त हसून घेतलं. मार्चपासून आवरून धरलं होतं त्यांनी!

नोव्हेंबरात तिघं हाँगकाँगला गेले. टेंपलच्या आत काय होतं ते ही मंडळी बाहेर बोलत नाहीत, तेव्हा मीही बोलत नाही. एवढंच सांगतो की पांढऱ्या ड्रेसमधल्या सवितासमोर गुडघे टेकताना विश्वासला तिचा चेहरा धूसर दिसत होता, आणि बाहेर फुटपाथवर येईपर्यंत त्याचे डोळे थांबले नव्हते.

“पप्पा, एव्हरीवन लुकिंग, लाह,” ईशा म्हणाली आणि शरमून चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

सविताने पर्समधून रुमाल काढून दिला. “नगरला पाळकबाबांनी ‘मरण वेगळं करीपर्यंत’ असं म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा निदान मरणानंतर तरी सुटका होती माझी. आता तीही सोय गेली.”

विश्वास रडता रडता हसायला लागला. “मग पस्तावतेस का?”

“खरं सांगू?” तिने त्याच्या कॉलरवर पडलेलं पाणी पुसलं. “एका दिवसात चहा सोडणाऱ्या त्या माणसाची मला फार भीती वाटायची. त्याच्याबरोबर अनंतकाळ काढायचा म्हणजे काय खायचं काम होतं? मी कार्ड घेतलं होतं, पण मनातून घाबरलेच होते. तुमच्याबरोबर मात्र येते मी.”

आणि ईशा पुढे थांबली होती, म्हणून दोघं तेवढी चार पावलं चालून तिच्याकडे गेले.